गूढ शोधसूत्राचं उत्तर येतं, पण फोड जमत नाही

मासा खरपूस! त्यातलं काय चहात घालता? (३)

गूढ शब्दकोड्यातलं हे शोधसूत्र (कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं) समोर टाकलं की काही जण लगेच ‘साखर’ म्हणून मोकळे होतात आणि पाठोपाठ विचारतात, ‘पण मासा कशाला?’ बाकीचे मासाच धरून बसतात आणि सुरमई, बांगडा, बोंबील करत अख्खा कोळीवाडा पालथा घालतात. पहिल्यांकडे उत्तर आहे पण कारण नाही. दुसऱ्यांकडे दोन्ही नाही. दुखणं मात्र एकच आहे: वाक्य वाक्यासारखं वाचलं.

आता ‘मासा खरपूस’ सलग लिहा. मासाखरपूस. पुढचा ‘मा’ आणि मागचं ‘पूस’ बाजूला सारा, मध्ये उरते साखर. ‘त्यातलं’ हा शब्द एवढंच सांगत होता. ‘काय चहात घालता’ ही व्याख्या. मासा तळला की भाजला याच्याशी आपल्याला काही घेणं नाही, तो फक्त ‘सा’ पुरवायला आणलेला होता.

साध्या शब्दकोड्यात ‘सूर्य (२)’ असं असतं आणि तुम्ही रवी, भानू, मित्र यांतलं जे बसेल ते लिहिता. गूढ शब्दकोड्यात उत्तर दोनदा सांगितलेलं असतं, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांनी. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येतात. म्हणूनच गूढ कोडं खरं तर साध्यापेक्षा जास्त प्रामाणिक असतं, कारण उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारायला दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. पण ही सोय फोड करणाऱ्यालाच मिळते, म्हणजे अक्षरांतून उत्तर कसं निघालं ते उलगडणाऱ्याला. नुसत्या अर्थावरून उत्तर ओढून आणणाऱ्याला नाही.

आपल्याकडे हा खेळ नवा नाही. ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः’ हा कूटश्लोक अनेकांनी शाळेत ऐकला असेल. केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला, असा सरळ अर्थ घेतला की महाभारत बिघडतं. ‘के शवं’ असं तोडलं की पाण्यात पडलेलं प्रेत पाहून डोमकावळा खूश झाला, एवढंच उरतं. मासा आणि केशव एकाच कामाला ठेवलेले आहेत.

आधी सांधा शोधा

अडलेला माणूस सहसा सूत्र पुन्हा पुन्हा वाचतो. त्याने काहीच होत नाही, उलट वाक्याचा अर्थ डोक्यात आणखी घट्ट बसतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायचा: व्याख्या कुठे संपते आणि अक्षरांचा खेळ कुठे सुरू होतो?

व्याख्या सूत्राच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी असते. मध्ये नसते. इंग्रजी गूढ कोड्यांचा हा नियम मराठीतही चालतो, पण मराठीत एक अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे शेवटची जागा व्याख्येला मिळण्याआधीच ‘आहे’, ‘होतो’, ‘येते’ तिथे बसतात. जाणता रचनाकार मग क्रियापद आधी आणतो किंवा गाळूनच टाकतो. याचा सोडवणाऱ्याला फायदा असा की शब्दांचा क्रम जिथे जरा वाकडा वाटतो, तिथे सांधा असण्याची शक्यता मोठी.

तात्पर्यात सूर मिसळला की होतो समुद्र (३)

सरळ मराठीत आपण ‘समुद्र होतो’ म्हणू. ‘होतो समुद्र’ असं फिरवलंय म्हणजे ‘समुद्र’ हा शब्द टोकाला हवा होता, म्हणजे तीच व्याख्या. आता उरलेल्याकडे बघा. तात्पर्य म्हणजे सार. त्यात एक सूर घालायचा: सा-ग-र. सागर.

गोंधळात विकता येते अशी रचना (३)

इथेही शेवटचा शब्द नाम आहे. ‘विकता येते’ हे जोडीने वाचण्याचा मोह सोडला की ‘विकता’ ही तीन अक्षरं सुटी होतात. ती गोंधळात टाकली की कविता. ‘येते अशी’ हा दोन भागांना जोडणारा दुवा.

सुरुवातीला व्याख्या असेल तर वेगळा त्रास होतो, तो प्रत्ययांचा. इंग्रजीत शब्द जसाच्या तसा राहतो. आपल्याकडे त्याला चा, ला, कडे लागले की सामान्यरूप होतं, ‘गरीब’चा ‘गरिबा’ होतो आणि तो आपली ओळखच बदलतो.

गरिबाकडे नदी उलटी वाहते (२)

कितीतरी जण इथे गरिबाच्या दारची नदी शोधतात. ‘कडे’ काढून टाका, ‘गरीब’ ही व्याख्या मूळ रूपात आणा. मग ‘नदी’ उलटी वाहवा: दीन. सवय म्हणून सूत्रातल्या पहिल्या आणि शेवटच्या शब्दाचे प्रत्यय मनातल्या मनात सोलून ठेवावेत.

प्रत्यय व्याख्येला लागला तर चालतो. ज्या शब्दाच्या अक्षरांशी खेळायचंय तो मात्र मूळ रूपातच हवा. ‘उलट्या लतेचा ठेका (२)’ असं सूत्र देऊन उत्तर ‘ताल’ सांगणारा रचनाकार आळशी आहे, कारण ‘लतेचा’मध्ये ‘ता’ नाहीच. ‘लता उलटी फिरून ठेका’ हे ठीक. यातही थोडी सूट मी देतो. ‘बगळ्याचं डोकं उडवलं, उरला कंठ (२)’ यात ‘बगळ्या’वरून ‘बगळा’पर्यंत जायला कुणाला त्रास होत नाही, डोकं उडवलं की गळा. काटेकोर मंडळी हेसुद्धा नाकारतील. नाकारोत.

खुणेचा शब्द

सांधा सापडला की खेळाच्या भागात एक शब्द खूण म्हणून काम करत असतो. तो सांगतो की अक्षरांचं काय करायचं. गोंधळलेला, बिथरलेला, विस्कटलेला, झिंगलेला म्हणजे अक्षरांची उलथापालथ. पोटात, आत, त्यातलं, दडलेलं म्हणजे शब्द लपलाय किंवा एकात दुसरा घालायचाय. पाठमोरा, माघारी, उलटा म्हणजे मागून वाचायचं. उभ्या शब्दांसाठी यातच ‘वर चढणारा’ असंही येतं, कारण चौकटीत तो खालून वर वाचायचा असतो. सुरुवातीला, आघाडीवर म्हणजे पहिली अक्षरं घ्यायची.

सदा पाठमोरा नोकर (२)

माझ्या मते सूत्र असं असावं. तीन शब्द, तिघांना काम. ‘सदा’ उलटा केला की दास. वाक्य वाचताना कामचुकार नोकर डोळ्यांसमोर येतो आणि त्या नोकराचा उत्तराशी अजिबात संबंध नसतो, हीच गंमत.

‘उलटा मरा, वाल्याला तारणारा (२)’ याची फोड सांगायची गरज नाही. ही कथा माहीत असणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यातलं पहिलं गूढ सूत्र लहानपणीच सोडवलेलं असतं.

जोडाजोडीच्या सूत्रात बऱ्याचदा खूणच नसते, तुकडे नुसते एकापुढे एक मांडलेले असतात. ‘सापापाठोपाठ पाण्याचा लोंढा संत्र्यांच्या शहरात (४)’: नाग, मग पूर. ‘पहिल्या सुरानंतर चांदणी, कंदी पेढ्यांच्या गावी (३)’: सा, मग तारा, सातारा. इथे अडणाऱ्यांना एकाक्षरी शब्दांचा साठा कमी पडतो. मराठीत तो भरपूर आहे. सगळ्यात कामाचे सात सूर. षड्ज, पंचम असे नावाने येतील, ‘तिसरा सूर’ असे क्रमांकाने येतील किंवा नुसते ‘सूर’ म्हणून येतील, आणि मग सातांतला कोणता ते तुम्ही ठरवायचं. निषादाचं ‘नि’ की ‘नी’, दोन्ही लिहिणारे आहेत, दोन्ही करून बघा. शिवाय चांगल्याला सु, वाईटाला कु, नकाराला अ किंवा ना, आकाशाला ख (खग आठवा), लक्ष्मीला श्री, आणि मी, तू, तो, ती तर आहेतच.

वेदनेच्या मधोमध मध्यम, चिखलात फुलणारं (३)

वेदना म्हणजे कळ. मधोमध म. कमळ. ‘मध्यम’ दिसला की ‘बेताचा’ असं वाचायचं नाही, आधी सूर वाचायचा.

दोन व्याख्यांची सूत्रं सगळ्यात छोटी आणि म्हणून सगळ्यात अवघड. खूण नाही, खेळ नाही, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले. ‘मुलांना सांभाळणारी भाजी (३)’: पालक. ‘सरकारला दिलेला हात (२)’: कर. सूत्र तीन-चार शब्दांचंच असेल आणि खुणेचा शब्द काही केल्या सापडत नसेल, तर मधोमध तोडून दोन व्याख्या समजा.

यातला एक प्रकार फक्त मराठीसारख्या भाषेतच जमतो. आपल्याकडे एकच शब्द दोन लिंगांत दोन अर्थांनी वावरतो. ‘ती वाकली की तो गेला (२)’: ती मान आणि तो मान. ‘गळ्यात ती, गावाबाहेर तो (२)’: माळ. अशा सूत्रात ‘ती’ कोण आणि ‘तो’ कोण म्हणून नवरा-बायको शोधायला जाऊ नका. ती आणि तो एकाच अक्षरांचे आहेत. मराठी गूढ कोड्यांत हा प्रकार इतका कमी का दिसतो, याचं मला नवल वाटतं. इंग्रजी रचनाकारांना हे हत्यार मिळालं असतं तर त्यांनी त्याचं काय केलं असतं!

अक्षर हलतं की मात्रा?

सर्वांत जास्त वाद होतात ते इथे.

गोंधळलेला नवरा झाडावर उड्या मारतो (३)

उत्तर वानर. वाचून हसू येतं, आणि मग कुणीतरी म्हणतं: न, व, रा ही तीन अक्षरं कशीही फिरवा, ‘वा’ येणारच नाही. बरोबर आहे. ‘रा’चा काना काढून ‘व’ला लावल्याशिवाय वानर होत नाही. अक्षर हे एकक धरलं तर सूत्र चूक. वर्ण धरले, म्हणजे न्, व्, र्, दोन अ आणि एक आ असा हिशेब केला, तर सूत्र अगदी चोख.

रोमन लिपीत हा प्रश्न उद्भवतच नाही, तिथे स्वर सुटे उभे असतात. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात १९२६ पासून टॉर्केमाडा, १९३९ पासून झिमेनीझ आणि १९७२ पासून अझेड अशा टोपणनावांनी गूढ कोडी येत गेली. तिन्ही नावं स्पेनमधल्या धार्मिक न्यायासनाच्या प्रमुखांची. सोडवणाऱ्यांचा छळ करायचा तर नावही तसंच हवं. त्यातलं ‘अझेड’ म्हणजे डेझा या न्यायाधीशाचं नाव उलटं केलेलं. रोमन लिपीतली चार अक्षरं मागून वाचली की अझेड मिळतं. आपण देवनागरीत ‘डेझा’ उलटं केलं तर मिळतात झाडे! एकक बदललं की उत्तर बदलतं, ते असं.

मराठी शब्दकोड्याच्या चौकटीत एका घरात एक अख्खं अक्षर येतं, काना-मात्रा-वेलांटीसकट, अनुस्वारासकट, जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात. महाराष्ट्र (४), पर्वत (३), संत (२). कंसातला आकडा याच हिशेबाचा असतो. त्यामुळे उलटवणं, लपवणं, डोकं किंवा शेपूट उडवणं, एकात दुसरं घालणं हे सगळं अक्षराच्या हिशेबानेच होतं. ‘सदा’चा ‘दास’ अक्षरानेच होतो. वर्णांनी उलटवला तर ‘आदस्’ असं काहीतरी हाती येईल.

फक्त उलथापालथीत काही रचनाकार मात्रा हलवतात, काही हलवत नाहीत. माझं मत सांगायचं तर हलवायला हरकत नाही, कारण अक्षर अखंड ठेवून अर्थपूर्ण जोड्या मराठीत फार थोड्या मिळतात. पण कोड्याच्या वर एका ओळीत तसं लिहायला हवं आणि मग सगळ्या कोड्यात तोच नियम पाळायला हवा. एका सूत्रात काना हलवायचा आणि दुसऱ्यात अक्षर अखंड, हे चालणार नाही. सोडवणाऱ्याने करायचं ते असं: त्या रचनाकाराच्या पहिल्या सुटलेल्या उलथापालथीत मात्रा हलल्या का ते बघायचं आणि पुढे तेच गृहीत धरायचं.

एक आधुनिक अडचण. बरेच जण आता अक्षरं उलटवायला किंवा मोजायला संगणकाची मदत घेतात आणि फसतात. संगणकाला ‘रा’ हे एक अक्षर दिसत नाही. त्याला र वेगळा आणि काना वेगळा दिसतो. त्यामुळे ‘राम’ हा शब्द साध्या उलटवणाऱ्या साधनात टाकला तर र-काना-म याचं म-काना-र होतं आणि उत्तर येतं ‘मार’. ‘मरा’ येत नाही! ‘महाराष्ट्र’ची लांबी विचारली तर चारऐवजी १० सांगतो, कारण पायमोडही तो मोजतो. ‘क्ष’ त्याच्या लेखी तीन चिन्हांचा. साधन देवनागरीची अक्षरं अखंड धरणारं आहे की नाही, हे ‘राम’ उलटवून लगेच कळतं. मार आला तर कागद-पेन्सिल घ्या.

ऐकू येणारी सूत्रं आणि ह्रस्व-दीर्घ

मराठी जशी बोलतो तशी बरीचशी लिहितो, त्यामुळे उच्चार सारखा आणि लेखन वेगळं असे शब्द मोजकेच. ते बहुतेक ह्रस्व-दीर्घाच्या कुंपणावर बसलेले असतात. ‘गरीब ऐकायला दिवस (२)’ याचं उत्तर दीन की दिन? खूण कुठे आहे ते बघा. ‘ऐकायला’ हा शब्द ‘दिवस’ला चिकटलेला आहे, म्हणजे दिवसाचा उच्चार घ्यायचा आणि लिहायचा गरीब. दीन. चौकटीत ‘दि’ लिहिलात तर उभा शब्द अडेल आणि दोष त्या बिचाऱ्याला जाईल.

मराठी शब्दांत अकारान्त अक्षराच्या आधीचे इकार-उकार दीर्घ, तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांत मुळाप्रमाणे, हा नियम कोड्यापुरता तरी पाठ असलेला बरा. फूल, मूल, गरीब दीर्घ. दिन, सुत, गुण ह्रस्व. पण प्रत्यय लागला की फुलाचं, गरिबाचं असं ह्रस्व होतं, म्हणून सूत्रातलं रूप बघून चौकटीत तसंच उतरवू नये.

उरलेला शब्द

फोड जमली की नाही याची एकच कसोटी आहे. सूत्रातला प्रत्येक शब्द खोडून बघायचा. व्याख्येचे शब्द खोडा, ज्यांच्या अक्षरांशी खेळलात ते खोडा, खूण खोडा, ‘म्हणजे’, ‘की’, ‘तर’ असे दुवे खोडा. काही उरलं का?

पाखरं, ऊन, सरडे: सुरुवातीला सगळ्यांना पळवणारा (३)

इथे ‘वादळ’ असं उत्तर देणारे असतात. तीन अक्षरं आहेत, पाखरं पळतात, ऊन पळतं, अर्थ छान बसतो. मग ‘सुरुवातीला’ कशाला? वादळ शेवटीही पळवतंच की. हा शब्द खोडता येत नाही, म्हणजे वादळ चूक. सुरुवातीची अक्षरं घ्या: पा, ऊ, स.

उत्तर सुचलं की त्याच्या बाजूने वकिली करायची आपल्याला सवय असते. उरलेल्या शब्दाला ‘असाच टाकला असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. माझं म्हणणं असं की फोड न झालेलं उत्तर चौकटीत शाईने लिहूच नये. एका कोपऱ्यात सगळेच शब्द अडलेले दिसतात तेव्हा बहुतेक वेळा तिथे एक फोडीविना घुसवलेलं उत्तर बसलेलं असतं आणि ते आडव्या-उभ्या शेजाऱ्यांना चुकीची अक्षरं पुरवत असतं.

फोड लिहिताना मोठं भाष्य नको. इतकंच पुरतं:

व्याख्या: सगळ्यांना पळवणारा. खेळ: पा(खरं) + ऊ(न) + स(रडे). खूण: सुरुवातीला.

दुसऱ्याला समजावतानाही हाच क्रम ठेवा. आधी व्याख्येवर बोट ठेवा, मग खूण दाखवा, मग अक्षरं. बरेच जण अक्षरांपासून सुरुवात करतात, ‘हे बघ, मा आणि पूस सोड’, आणि ऐकणारा विचारतो की ते का सोडायचं. आधी ‘त्यातलं’ दाखवलंत तर तो पुढचं स्वतःच करतो.

कधी कधी मात्र शब्द खरंच उरतो आणि चूक तुमची नसते.

आग जराशी भडकली, आत फुलांची माळ सापडली (३)

आ-गजरा-शी. उत्तर गजरा, ‘आत’ ही खूण, ‘फुलांची माळ’ ही व्याख्या, ‘सापडली’ला दुवा म्हणून पदरात घेता येईल. ‘भडकली’ने काय केलं? काही नाही. ते वाक्य सुंदर दिसावं म्हणून आलं आणि बसलं. ‘आग जराशी, पोटात फुलांची माळ (३)’ असं लिहिलं असतं तर सगळे शब्द कामाला लागले असते. चांगल्या सूत्रात काय असावं हे अझेड यांनी तीन गोष्टींत सांगितलं आहे: नेमकी व्याख्या, अक्षरांकडे नेणारा न्याय्य इशारा, आणि याशिवाय काहीही नाही. तिसरी अट सगळ्यांना सोपी वाटते आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते.

त्याआधी १९४९ मध्ये अफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी रचनाकाराचं कर्तव्य एका वाक्यात सांगितलं होतं. मी म्हणतो तेच मला म्हणायचं असेल असं नाही, पण मला जे म्हणायचंय ते मी म्हटलंच पाहिजे. फसवा, पण खोटं बोलू नका. या वाक्याच्या आधारे तुम्ही रचनाकाराशी भांडू शकता.

भांडण्यासारखी आणखी एक जागा. ‘गोंधळलेला पती झाडावर’ असं देऊन वानर अपेक्षित असेल तर ते अन्यायाचं आहे. आधी पतीवरून नवरा ओळखा, मग तो नवरा सूत्रात नसताना त्याची अक्षरं फिरवा, म्हणजे अंधारात दुसरा अंधार. उलथापालथ करायची अक्षरं सूत्रात डोळ्यांना दिसली पाहिजेत. जोडाजोडीत किंवा पोटात घालण्यात समानार्थी शब्द चालतात, कारण तिथे क्रम बदलत नाही.

आणि सूत्रात व्याख्या वेगळी सापडतच नसेल, तर सगळं सूत्रच व्याख्या आहे का ते बघा. ‘अथवा पुरुष? (३)’ याचं उत्तर पुन्हा वानरच. अथवा म्हणजे वा, पुरुष म्हणजे नर, आणि ‘हा माणूस की काय?’ अशी शंका ज्याला पाहून यावी तोच तो. अशी सूत्रं दुर्मीळ असतात, रचनाकार त्यांच्यावर फार खूश असतात, आणि शेवटचं प्रश्नचिन्ह हीच बहुधा त्यांची खूण असते.

तरीही अडलं तर

सूत्र शेवटच्या शब्दापासून उलट वाचा. वाक्याचा अर्थ तुटतो आणि शब्द सुटे दिसू लागतात. शेवटचं प्रश्नचिन्ह सोडून बाकी विरामचिन्हं पुसून टाका, ती फसवायलाच असतात. मग शेवटच्या शब्दाचे तितक्या अक्षरांचे समानार्थी शब्द लिहा, नंतर पहिल्याचे.

छेदणाऱ्या शब्दांचा मराठीत जास्त उपयोग होतो. इंग्रजीत एक घर मिळालं की नुसता एक वर्ण मिळतो, आपल्याला मात्रेसकट अक्षर मिळतं. शब्दाच्या मध्ये सुटा ‘ऊ’ आला तर तर्क करायचीही फारशी गरज नाही, पाऊस, पाऊल, देऊळ, राऊळ असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शब्द उरतात. मधलं अक्षर ‘र’ किंवा ‘ल’ मिळालं तर मात्र आनंद मानू नका.

सरावाला पाच देतो.

नाच कलीचा, आत मात्र दिवाळीचा फराळ (३)

पंचमानंतर थंड, दरमहा हातात पडतो (३)

वाद उलटला, घ्या औषध (२)

पहिला सूर आणि प्रतिष्ठा बांधून प्रवासाला न्यायचं (३)

पालक विस्कटला, उरली कवटी (३)

उत्तर एकवेळ नाही लिहिलंत तरी चालेल, फोड लिहा. पाचव्यात काना ज्या अक्षराचा आहे त्याच अक्षरावर राहतो, एवढं सांगून ठेवतो.